पयोष्णी म्हणजे तापी की आमची पूर्णा?

पूर्णाकाठ

गेल्या वर्षी आजीच्या अस्थी घेऊन आम्ही चांगदेवला गेलो होतो. मुक्ताईनगरजवळ, तापी आणि पूर्णेच्या संगमावर. खाली हतनूरचं धरण असल्यामुळे तिथे पाणी पसरून थांबलेलं असतं, कुठली नदी कुठून आली ते चटकन कळत नाही. गुरुजींनी संकल्प सांगितला, त्यात 'तापी-पयोष्णी-संगमे' असे शब्द आले आणि मी तिथेच अडकलो.

पयोष्णी हे नाव मला आजीकडूनच माहीत. आमचं गाव अकोला जिल्ह्यात, पूर्णेच्या काठी, खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी मचूळ, बोअरचं तर तोंडात धरवत नाही. लहानपणी मी पाणी थुंकलं की आजी म्हणायची, "पयोस्नीचं पानी हाये बाप्पा ते, तोंड नको वाकडं करू." श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी कावडीत भरून अकोल्याच्या राजराजेश्वराला नेतात, त्या रात्री ती ओट्यावर बसून कावडवाल्यांना पाणी पाजायची. तेव्हाही तिच्या तोंडी पूर्णा हे नाव क्वचितच यायचं.

घरी आल्यावर महाभारताचं मराठी भाषांतर काढलं. वनपर्वात नलाख्यान आहे. सगळं द्यूतात गमावलेला नल दमयंतीला माहेरची वाट दाखवतो. तू माझ्यामागे वनात हाल काढू नकोस, विदर्भाला जा, असं त्याला तोंडाने म्हणवत नाही, म्हणून तो नुसत्या वाटा सांगत राहतो. या वाटा अवंती आणि ऋक्षवान पर्वत ओलांडून दक्षिणापथाला जातात, आणि मग:

एष विन्ध्यो महाशैलः पयोष्णी च समुद्रगा ।

पुढे म्हणतो, ही वाट विदर्भाची, ती कोसलाची, त्याच्या पलीकडे दक्षिणापथ. दमयंतीला त्याचा रोख कळतो आणि ती रडायला लागते. मला तो सगळा भाग वाचताना आमची नदी डोळ्यांसमोर होती. आणि खाली तळटीप काय, तर 'पयोष्णी = तापी'.

आता गुरुजी खरे की तळटीप खरी? तापीच जर पयोष्णी, तर संगमावर तापीचा संगम कुणाशी झाला? जाणकारांनी सांगावं.

खानदेशी वारा

धागा आवडला. आजींना नमस्कार.

मी भुसावळचा. आम्हाला शाळेत मास्तरांनी तापीचंच जुनं नाव पयोष्णी असं सांगितलं होतं. तुम्ही दिलेल्या ओळीतच उत्तर आहे, 'समुद्रगा' पाहा. समुद्राला जाते ती. पूर्णा समुद्राला कुठे जाते? ती चांगदेवला तापीत संपते. सुरतेपाशी समुद्राला मिळते ती तापी. त्यामुळे तळटीप बरोबर वाटते.

अनुष्टुभ

खानदेशी वारा, 'समुद्रगा' हा मुद्दा बिनतोड वाटतो खरा, पण पुराणांतल्या नद्यांच्या याद्या त्याच्या आड येतात. या याद्या कुठल्या पर्वतातून कुठल्या नद्या निघतात अशा पद्धतीने लावलेल्या आहेत. विष्णुपुराणाच्या दुसऱ्या अंशात आहे:

तापीपयोष्णीनिर्विन्ध्याप्रमुखा ऋक्षसंभवाः ।

ऋक्ष पर्वतातून निघणाऱ्या तापी, पयोष्णी, निर्विन्ध्या वगैरे. लगेच पुढे गोदावरी, भीमरथी, कृष्णवेणी या सह्याद्रीतून निघणाऱ्या. म्हणजे यादी करणाऱ्याला भूगोल चांगला ठाऊक आहे, आणि त्याने तापी व पयोष्णी शेजारीशेजारी, पण वेगवेगळ्या मोजल्या आहेत. भागवतातही दोनदा हेच दिसतं. पाचव्या स्कंधातल्या भारतवर्षाच्या नद्यांत दोन्ही नावं आहेत. दहाव्या स्कंधात बलराम तीर्थयात्रा करत शूर्पारकाला, म्हणजे आपल्या नालासोपाऱ्याला येतो आणि तिथून:

तापीं पयोष्णीं निर्विन्ध्यामुपस्पृश्याथ दण्डकम् ।

तिन्ही नद्यांत स्नान करून दंडकात शिरतो. एकाच नदीची दोन नावं असती तर एका ओळीत ती लागोपाठ आली नसती. तेव्हा निदान पुराणकारांपुरतं तरी तुमचे गुरुजी बरोबर आहेत.

एक सावधगिरी. बलरामाच्या वाटेचा नकाशा काढायला जाऊ नका. निर्विन्ध्या मेघदूतात विदिशेहून उज्जयिनीला जाताना लागते, म्हणजे ती माळव्यात आहे. सोपाऱ्याहून दंडकात जाताना ती वाटेत कशी येणार? श्लोकात नावं छंदाच्या सोयीनेही बसतात. ती वेगळी मोजलीत, एवढंच मी धरतो.

गंगाखेडकर

जरा थांबा. पूर्णा तर आमच्या परभणीत आहे आणि गोदावरीला मिळते. येलदरीचं धरण तिच्यावरच आहे. तीच का ही?

पूर्णाकाठ

नाही दादा, ती वेगळी. तुमची पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावून गोदावरीला जाते. तिसरी एक पूर्णा डांगातून येऊन नवसारीजवळून समुद्राला मिळते. आमची चौथीच म्हणावी इतका घोळ होतो. अकोल्याहून खंडव्याला मेळघाटातून जाणारी मीटरगेज होती, ती आमची पूर्णा ओलांडायची आणि तिचं दुसरं टोक तुमच्या पूर्णा जंक्शनला! लहानपणी मला वाटायचं, गाडी नदीच्याच काठाने जात असणार.

गाळपेर

पाटबंधाऱ्यात नोकरी झाली, त्यातली बरीच वर्षं याच खोऱ्यात. पोथ्यांतलं मला कळत नाही, जमिनीचं सांगतो.

मध्य प्रदेशातला बैतूल जिल्हा नकाशावर बघा. तापी तिथल्या मुलताईला उगम पावते. पूर्णा त्याच जिल्ह्यात भैंसदेहीजवळ. आणि वर्धा नदीही मुलताईच्याच पठारावरची. एका जिल्ह्यातून तीन नद्या निघतात. वर्धा पूर्व-दक्षिणेला वळून प्राणहितेतून गोदावरीत आणि बंगालच्या उपसागरात जाते, तापी-पूर्णा पश्चिमेला अरबी समुद्रात.

तापी आणि पूर्णा यांच्यामध्ये गाविलगडचा डोंगर आहे. तापी त्याच्या उत्तरेने जाते. मेळघाटातल्या सिपना, खंडू, खापरा, गडगा, डोलार या नद्यांचं पाणी तिला मिळतं. पूर्णा डोंगराच्या दक्षिणेला उतरते आणि वऱ्हाडच्या सपाट पट्ट्यातून अमरावती, अकोला, बुलढाणा असं करत जाते. तिला उत्तरेकडून शहानूर, चंद्रभागा, वाण, दक्षिणेकडून काटेपूर्णा, मोर्णा, मन, नळगंगा मिळतात. डोंगर संपला की दोघी एकत्र येतात, ते चांगदेव.

आता मुख्य मुद्दा. संगमापाशी उभं राहून विचारा की यातली मोठी कोण? तिथपर्यंतचं पाणलोट क्षेत्र मोजलं तर पूर्णेचं तापीपेक्षा मोठं भरतं, दीडपटीहून जास्त. तापीचा वरचा भाग डोंगराळ आणि अरुंद, पूर्णेचं खोरं रुंद आणि वस्तीचं. आज आपण मुलताईच्या प्रवाहाला मुख्य नदी म्हणतो आणि पूर्णेला उपनदी, पण हा निवाडा पाण्याने केलेला नाही, माणसांनी केलाय. विदर्भात राहणाऱ्या माणसाने घरासमोरून वाहणारी नदी पुढे समुद्राला जाते असं म्हटलं, तर तो चुकला असं मी म्हणणार नाही. त्याच्या दृष्टीने तापी येऊन त्याच्या नदीला मिळते.

खारपाणाबद्दलही सांगतो. पूर्णेचं खोरं ही जमिनीतल्या मोठ्या भेगांच्या मधली खचलेली पट्टी आहे. उत्तरेला गाविलगडच्या पायथ्याने ती भेग सरळ रेषेत जाते, म्हणून तो डोंगर अकोटच्या बाजूने भिंतीसारखा दिसतो. त्या खळग्यात लाखो वर्षं गाळ साठत गेला, शेकडो फूट. पाणी मुरतं पण बाहेर पडायला वाट नाही, पाऊस बेताचा, ऊन कडक, त्यामुळे क्षार खालीच साठत राहिले. तिन्ही जिल्ह्यांतली नऊशेच्या आसपास गावं या पट्ट्यात येतात. नदीचं वाहतं पाणी खारट नसतं, जमिनीखालचं असतं. पूर्णाकाठ, तुमच्या आजी विहिरीच्या पाण्याला पयोष्णीचं पाणी म्हणायच्या ते तसं बरोबरच होतं. ते तिनेच आणलेल्या गाळातलं.

खानदेशी वारा

पाणलोटाचा हिशेब मला अगदीच नवा आहे. माझा आधीचा प्रतिसाद घाईचा झाला. भुसावळहून संगम इतका जवळ, शंभरदा गेलो असेन, पण कोण मोठी हा प्रश्नच डोक्यात आला नव्हता.

शेवंती

नावाबद्दल कुणी बोललंच नाही. पयस् म्हणजे पाणी (किंवा दूध) आणि उष्ण. ऊन पाण्याची नदी. तापी हे नावही तापण्यावरूनच. दोन्ही नावांत ऊब आहे, म्हणून लोकांनी ती एकच मानली असतील का?

मी चोपड्याची. आमच्याकडे अडावदजवळ सातपुड्याच्या पायथ्याला उनपदेव आहे. गोमुखातून बारमाही गरम पाणी पडतं. शरभंग ऋषींसाठी रामाने बाण मारून ते काढलं अशी कथा सांगतात. हे तापीचं खोरं. गाळपेर काका म्हणतात त्या भेगांशी या गरम झऱ्यांचा संबंध असणार ना?

गाळपेर

ताई, हो. पाणी खोल जाऊन तापतं आणि भेगेतून वर येतं. सातपुड्याच्या पायथ्याशी झरे ओळीने सापडतात ते त्यामुळेच. नावाचं मात्र मी सांगू शकत नाही. एवढंच म्हणतो की मे महिन्यात अकोल्याजवळ पूर्णेत पाय घातलेल्याला वेगळं कारण शोधावं लागणार नाही.

बालाघाट

पैनगंगा हा पर्याय कुणी का घेत नाही? पयोष्णी, पैन... नाव जवळचं वाटतं, आणि नदी विदर्भातलीच.

अनुष्टुभ

बालाघाट, कानाला जवळचं वाटतं, पण दिशा जुळत नाही. पैनगंगा बुलढाण्याच्या डोंगरात निघून पूर्वेला जाते आणि वर्धेला मिळते. महाभारतात पयोष्णीनंतर लगेच काय येतं ते महत्त्वाचं आहे. पांडवांची तीर्थयात्रा वनपर्वात सविस्तर आहे. युधिष्ठिर गोदावरीला जातो (तिथेही तिला 'सागरगा' म्हटलंय), मग शूर्पारक, मग प्रभास. प्रभासाला यादव भेटतात, आणि त्यांना निरोप देऊन पांडव पयोष्णीला येतात. ती कशी, तर 'विदर्भराजोपचितां सुतीर्थाम्', विदर्भाच्या राजाने जिचे घाट-तीर्थं वाढवली अशी. तिचं पाणी सोमरस मिसळलेलं. आणि तिथे स्नान करून पुढचा टप्पा:

वैडूर्यपर्वतं चैव नर्मदां च महानदीम् ।

पयोष्णी, मग वैडूर्य पर्वत, मग नर्मदा. च्यवन आणि सुकन्येची कथा तिथेच सुरू होते. नर्मदेच्या दक्षिणेला एक पर्वत आणि त्याच्या दक्षिणेला विदर्भराजाची नदी. सातपुडा मध्ये धरला तर तापी किंवा पूर्णा, दोन्ही बसतात. पैनगंगा बसत नाही, तिच्या आणि नर्मदेच्या मध्ये अख्खं वऱ्हाड येतं.

आणि याच प्रवासामुळे मी खानदेशी वारा यांचा मुद्दा पुन्हा उचलतो. प्रभास सौराष्ट्रात. तिथून येणाऱ्याला पयोष्णी भेटणार ती खालच्या अंगाला, आजच्या सुरतेकडून. पण वर्णन विदर्भाच्या राजाचं. मला वाटतं महाभारतकारांच्या लेखी विदर्भातून निघून समुद्रापर्यंत जाणारा अख्खा प्रवाह पयोष्णी होता: आजची पूर्णा आणि चांगदेवच्या खालची तापी मिळून. मग 'समुद्रगा'ही खरं आणि 'विदर्भराज'ही खरं. पुराणांच्या याद्या झाल्या तोवर खालच्या प्रवाहाचं तापी हे नाव पक्कं झालं असावं, आणि पयोष्णी विदर्भापुरती उरली.

दगडी पाटी

अनुष्टुभ यांच्या म्हणण्याला शिलालेखातून थोडा आधार मिळतो. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. त्याने कोणकोणत्या नद्यांवर लोकांना फुकट पार करायला नावा ठेवल्या त्याची यादी दिली आहे: इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा, दाहनुका. सगळ्या पश्चिम किनाऱ्याच्या नद्या. म्हणजे तोवर समुद्राजवळच्या प्रवाहाला लोक तापीच म्हणत होते.

दुसरं, विदर्भाच्या बाजूने. अचलपूरजवळच्या चम्मकला वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सापडला. त्यात चर्मांक गाव भोजकट राज्यात, मधुनदीच्या काठी असल्याचं म्हटलंय. भोजकट म्हणजे रुक्मीचं नगर. रुक्मिणीहरणात कृष्णाकडून हरल्यावर तो लाजेने कुंडिनपुराला परतला नाही, त्याने हे नवं नगर वसवलं. अमरावतीजवळची भातकुली म्हणजेच भोजकट असं मानतात. भातकुली आणि चम्मक, दोन्ही पूर्णेच्या खोऱ्यात. कुंडिनपूर म्हणजे कौंडिण्यपूर मात्र वर्धेकाठी. महाभारतातला विदर्भ या दोन नद्यांवर उभा आहे. वरदा (वर्धा) रामायणातही येते, सुग्रीव दक्षिणेला वानर पाठवताना नर्मदा, गोदावरी, कृष्णवेणीबरोबर तिचं नाव घेतो. कालिदासाच्या मालविकाग्निमित्रात तर विदर्भाचे दोन तुकडे होतात आणि मधली सीमा वरदा. पश्चिमेच्या विदर्भाची नदी मग कोणती उरते, ते उघड आहे.

शेवंती

तपतीची गोष्ट राहिली की! तापी सूर्याची मुलगी ना?

अनुष्टुभ

शेवंती, आठवण चांगली केलीत. आदिपर्वात चित्ररथ गंधर्व अर्जुनाला 'तापत्य' म्हणून हाक मारतो. अर्जुन म्हणतो, आम्ही कुंतीचे पुत्र, तापत्य कसे? तेव्हा गंधर्व सांगतो, सूर्याची मुलगी तपती, सावित्रीची धाकटी बहीण. शिकारीत घोडा मेल्यामुळे डोंगरात एकटा पडलेला राजा संवरण तिला पाहतो आणि भान हरपतो. शेवटी वसिष्ठ सूर्याकडे जाऊन तिला मागून आणतात. बारा वर्षं संवरण तिच्याबरोबर डोंगरातच राहतो आणि तिकडे राज्यात बारा वर्षं पाऊस पडत नाही. तो परतल्यावर पडतो. त्यांचा मुलगा कुरू. म्हणजे कौरव-पांडव दोघांची ही मूळ आई.

पण त्या आख्यानात तपती नदी होत नाही. ती राणीच राहते. नदीशी तिचं नातं पुराणांनी आणि तापीमाहात्म्याने जोडलं. तरी ज्याने कुणी जोडलं त्याने कथा नीट वाचली होती असं मला वाटतं, कारण ती सगळी पावसाचीच कथा आहे.

पूर्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस धागा पुन्हापुन्हा वाचतोय. गाळपेर काकांचा प्रतिसाद तर वडिलांना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी जन्मभर खारपाणात कपाशी आणि तूर केली, भेगेचं आणि गाळाचं हे कुणी सांगितलं नव्हतं.

अनुष्टुभ यांनी सांगितल्यावर धौम्य ऋषींनी युधिष्ठिराला दक्षिणेची तीर्थं सांगितली तो भागही वाचला. तिथे पयोष्णीवर नृग राजाने केलेल्या यज्ञाचं वर्णन आहे, इंद्र सोमाने आणि ब्राह्मण दक्षिणेने धुंद झाले. आणि तिच्या पाण्याबद्दल असं आहे की ते हातात घेतलेलं असो, जमिनीवर पडलेलं असो की वाऱ्याने उडून अंगावर आलेलं असो, आयुष्यभराचं पाप नेतं. एका बाजूला गंगेसकट सगळ्या नद्या ठेवल्या आणि दुसऱ्या बाजूला एकटी पयोष्णी, तर धौम्यांच्या मते हीच जास्त पुण्याची. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, तिने हे कुठे ऐकलं असेल माहीत नाही. पण वाऱ्याने उडालेलं पाणी वाचलं तेव्हा कावडीच्या रात्रीची आठवण झाली. कावडी ओट्यासमोरून जाताना पाणी हिंदकळायचं, आणि ती पदर पुढे करायची.

दगडी पाटी

गुरुजींना एकदा विचाराल का, त्यांच्याकडे हा संकल्प कुठून आला? छापील पोथीतला की घरातला? ते कळलं तर मोलाचं आहे.

पूर्णाकाठ

आज फोन केला. छापील नाही, घरातला. आजोबांनी वडिलांना शिकवला, वडिलांनी त्यांना. पूर्णेच्या काठावर, संगमाच्या वर कर्म असेल तर ते 'पयोष्णीतीरे' म्हणतात. संगमावर दोन्ही नावं. मी विचारलं, आणि खाली, हतनूरच्या पुढे? म्हणाले, खाली तापी म्हणायचं, पण पाण्यात उतरताना हात आधी डावीकडे जोडायचे. मी म्हटलं, डावीकडे का? म्हणाले, पयोष्णी त्या बाजूने आलेली असते.